पूर्वेस राखीव पट्टी

६ जानेवारी

दुपारी दुकान बंद करून ताईकडे गेलो. तिनं निरोप धाडला होता. आठवड्यातून तीनदा तिला रक्त धुवायला दवाखान्यात जावं लागतं. त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. आज मधला दिवस, म्हणून बसली होती, उशीला टेकून.

"धाकट्या," म्हणाली, "मी आहे तोवर हे घर पोरीच्या नावावर करून टाक. मागाहून कोण कुठून उगवेल, नेम नाही."

भाची आतून म्हणाली, "आई, आपल्याकडे उगवायला आहेच कोण? एक मामा, तो केव्हाचाच उगवलाय."

हसलो आम्ही. पण गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. भाची नवऱ्याच्या घरून दोन पेट्या घेऊन आली ती आलीच. ताईनंतर तिला या दोन खोल्यांखेरीज आधार नाही. शिवाय दवाखाना इथून हाकेच्या अंतरावर, ताई काठी टेकत जाऊन येते.

शेजारच्या मास्तरांनी ओळखीचा एक वकील सुचवला होता. मी साफ नाही म्हटलं. वकील करतो काय? कागद आणतो आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवतो. बोट मलाही आहे. सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण रद्दीतल्या पुस्तकातून भूमिती शिकलो. तिरप्या खिडकीची, गोल झरोक्याची काच मी घरी बसून कापतो आणि ती जाऊन बसते. दुसऱ्यांदा घासावी लागत नाही.

"तू करशील तर बरंच," ताई म्हणाली. "पण लवकर कर."

१३ जानेवारी

नोंदणी कचेरीचा पहिला दिवस. फुकट गेला असं म्हणणार नाही, कारण चूक कुठे झाली ते कळलं.

मी ताईचं नाव सांगितलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "काका, नाव माणसाला असतं. जमिनीला नंबर असतो. नंबर आणा." मी घरपट्टीच्या पावतीवरचा नंबर दिला. तो म्हणाला, हा घराचा नंबर, जमिनीचा नव्हे. घराचं वरच्या मजल्यावर, जमिनीचं खाली. वरच्यांना ठाऊक असतं घरात कोण राहतं, खालच्यांना ठाऊक असतं जमीन कोणाची. एका जिन्यावर दोन कचेऱ्या, आणि एकमेकांशी बोलणं नाही. सख्ख्या भावांसारखं.

जिन्याखाली एक टायपिस्ट बाई बसते. चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला, यंत्र माझ्या वयाचं. लोकांचे अर्ज टाइप करून देते. तिनं विचारलं, "काय करता?" म्हटलं, काचेचं काम. तेव्हापासून मी तिच्या लेखी 'काचवाले' झालो.

२१ जानेवारी

आता रीत बसली. इथे उतरवून ठेवतो.

पहिल्यांदा खरेदीखत शोधायचं. ताईच्या पेटीत ते होतं, मेव्हण्याच्या सहीचं. त्यात जमिनीचा नंबर असतो: ताईचा प्लॉट १५. मग कचेरीच्या सूचीत ज्यानं विकलं त्याचं नाव घ्यायचं आणि तो मुळात घेणारा कधी होता ते बघायचं. मग त्याला कोणी विकलं. असं आजपासून मागे मागे जायचं. पुढून शोधायला गेलं की माणूस हरवतो, कारण जमिनीला मुलं नसतात पण मालकांना असतात. मग ज्या कागदाच्या मागे कागद नाही तिथे थांबायचं. तिथे नकाशा असतो.

सूची बघायला कोणालाही मनाई नाही. फक्त बसून बघायची, तिथल्या तिथे उतरवून घ्यायची. लोक आपल्या घराबद्दल किती कमी जाणतात! माझ्या शेजारी एक म्हातारा स्वतःचा नंबर शोधत होता, त्याला मीच काढून दिला.

ही म्हणते, "ताईंना कागद हवाय. इतिहास नकोय." इतिहासाशिवाय कागद म्हणजे नुसती शाई, हे हिला कोण सांगणार.

२ फेब्रुवारी

नकाशा मिळाला. मूळ आखणीचा. नक्कल करून घेतली, शिक्क्यासह.

कोपऱ्यावरच्या हद्दीच्या दगडापासून पूर्वेकडे ओळीनं पाच प्लॉट, ११ ते १५, सगळे एकाच रुंदीचे. पंधराव्याच्या पलीकडे एक पट्टी, 'रस्त्यासाठी राखीव'. मग रस्ता. रेघा इतक्या स्वच्छ की ज्यानं काढल्या त्याचा हात धरावासा वाटला.

संध्याकाळी ताईला दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "यात माझी चूल कुठे रे?" म्हणाली.

९ फेब्रुवारी

नाव बदलण्याचा फॉर्म आणला. साधा आहे. पण शेवटी चतुःसीमा लिहायची असते. म्हणजे चारही बाजूंना काय काय आहे, आणि त्याखाली 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' असं म्हणून सही. खरेदीखतातली चतुःसीमा अशी: पश्चिमेस प्लॉट १४, पूर्वेस राखीव पट्टी.

लिहिता लिहिता पेन थांबलं. ताईच्या पूर्वेला पट्टी आहे कुठे? स्वयंपाकघराची खिडकी थेट रस्त्यावर उघडते. बस गेली की भांडी वाजतात. ती खिडकी मीच बसवली आहे, मला माहीत नाही तर कोणाला?

१२ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच स्टीलची टेप घेऊन गेलो. दुसरं टोक धरायला मास्तर आले. त्यांचं घर ताईच्या लगतचं, भिंतीला भिंत. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काम सांगितलं की बरं वाटतं. ताईच्या दवाखान्याच्या दिवशी सकाळी दूधही तेच आणून ठेवतात.

"वर्गात असतात तर मॉनिटर केलं असतं तुम्हाला," म्हणाले.

"वर्गात असतो तर तुम्ही नापास केलं असतं," मी म्हटलं.

हद्दीचा दगड सापडला, गवतात, अर्धा पुरलेला. तिथून मोजत निघालो. पहिला प्लॉट जिथे हवा तिथे घर नाहीच. मोकळी जागा आहे. तिथे पूर्वी खड्डा होता, पाण्याचा, हे मास्तरांनाच आठवलं. पुढे तो भरला गेला. आता पहिल्या घरातला पेंटर तिथे दुकानांच्या पाट्या रंगवून वाळत घालतो.

म्हणजे झालं असं. घरं बांधायला आले तेव्हा खड्ड्यात कोण पाया घालणार? खड्डा सोडून सुरुवात केली. पहिलं घर बाराव्या प्लॉटवर, दुसरं तेराव्यावर, असं करत मास्तरांचं चौथं घर पंधराव्यावर, आणि पाचवं, ताईचं, ते राखीव पट्टीवर. सगळी ओळच एक घर सरकलेली. कागद आपल्या जागी, भिंती दुसऱ्या जागी. इतकी वर्षं!

तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच. मास्तर टेपचं टोक धरून उन्हात उभे होते. "काय निघालं?" म्हणाले. मी म्हटलं, नंतर सांगतो.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांत, इतक्या लोकांत, हे मला दिसलं.

१४ फेब्रुवारी

हिला समजावून सांगितलं, काड्यापेट्या मांडून. ही ऐकत होती आणि दुकानाच्या गिऱ्हाइकाचा आरसाही पुसत होती.

"म्हणजे घर हललं का?"

"घर कशाला हलेल? कागद चुकलाय."

"मग घर आहे तिथेच आहे ना? कोणाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग सांगू नका."

बायकांचं हे असं. दिसलेली चूक झाकून ठेवायची, वर फडका टाकायचा.

१८ फेब्रुवारी

टायपिस्ट बाईला विचारलं. नाव न घेता, दुसऱ्याचं सांगतोय असं दाखवून. तिनं चष्म्यावरून पाहिलं.

"तुमच्या बहिणीचं ना? काचवाले, खरेदीखतात आहे तशी चतुःसीमा फॉर्ममध्ये उतरवा. सही घ्या. नाव बदलून येईल. इथून कोणी उठून बघायला जात नाही."

"पण खोटं आहे ते."

"वाचा तुम्ही हवं तेवढं. बघा, मोजा, उतरवून न्या. वाचण्याला कोणी काही करत नाही. अर्ज मात्र करू नका. चूक तोंडी असते तोवर सगळ्यांची असते. आवक नंबर पडला की तिला मालक लागतो."

मी म्हटलं, मालक लागला तर बरंच, दुरुस्त कोण करणार नाहीतर? ती पुढच्या माणसाचा कागद यंत्रात घालू लागली.

कबूल करतो, दोन दिवस मन दोन्हीकडे ओढत होतं. तो फॉर्म जसाच्या तसा भरून दिला असता तर काम झालं असतं. भाचीचं नाव लागलं असतं. पण कशावर? शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरावर! उद्या कोणी मोजलं तर? आणि ताईला आजारपणात खोट्यावर सही करायला लावू? मी खिडकीचं जे माप लिहितो त्याच मापाची काच बसते. कागदाला वेगळा न्याय का?

२३ फेब्रुवारी

अर्ज दिला. फॉर्म नव्हे, दुरुस्तीचा अर्ज. सोबत मी काढलेला नकाशा, दोन रंगांत: काळं कागदावरचं, लाल जमिनीवरचं. आणि उपायही लिहून दिला, कारण नुसती चूक दाखवणारा माणूस मला आवडत नाही. प्रत्येकानं ज्या प्लॉटवर घर आहे त्याचा नंबर घ्यावा. पेंटरच्या नावावरचा मोकळा अकरावा पालिकेला द्यावा, बदल्यात पट्टी ताईला. तिकडे एक जास्त, इकडे एक कमी. जागेला जागा. कोणाचंही काही जात नाही.

सकाळी ताईची सही घेतली. कुठे करायची ते मी बोटानं दाखवलं.

"पोरीच्या नावावर होईल ना यानं?"

"आधी चूक दुरुस्त, मग नाव. पक्कं होईल."

"बरं बाबा. तुला ठाऊक."

बाकीच्या चौघांना विचारलं नाही. खऱ्याला संमती कशाला लागते? शिवाय त्यांचा फायदाच आहे.

८ मार्च

पाचही घरांना सुनावणीच्या नोटिसा आल्या. आठ दिवसही धीर नाही लोकांना. पेंटरनं आज मोकळ्या जागेला तारेचं कुंपण घातलं. विचारलं तर म्हणतो, "तुमच्याच अर्जात लिहिलंय, अकरावा माझा. उपकार झाले." खांब ठोकताना शीळ घालत होता. वर मला म्हणतो, "काका, तुमच्या नावाची पाटी रंगवून देतो, फुकट."

मास्तर दुकानात आले. नोटीस हातात, चारदा घडी घातलेली.

"म्हणजे मी तुमच्या ताईंच्या जागेत राहतो?"

"कागदावर, मास्तर. नुसतं कागदावर. नंबर बदलला की..."

"त्या रविवारी टेपचं टोक मीच धरलं होतं ना?"

मी हो म्हटलं. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

१५ मार्च

ताई म्हणाली, "मास्तरांना काय बोललास? दूध आलं नाही आज."

मी सगळं सांगितलं. वेळ लागला. कायद्यानं मास्तरांच्या घराखालची जमीन तिची आहे हेही सांगितलं, कारण तिला आपला हक्क कळायला हवा. ती उठूनच बसली.

"मास्तरांना उठवू मी? अरे, हे वारले तेव्हा खांदा कोणी दिला होता? तू तर गावाला होतास."

"कोणाला उठवायचं नाही, ताई. नंबर सरकवायचे आहेत."

"मग तू हात का घातलास?"

दवाखान्याचा दिवस होता. दमली होती. अशा दिवशी तिचं बोलणं मनावर घ्यायचं नाही.

२८ मार्च

सुनावणी. भाची माझ्यासोबत आली, रजा टाकून.

अधिकारी तरुण आणि सभ्य. माझा नकाशा टेबलावर पसरला. "हा कोणी काढला?" म्हटलं, मी. "आमच्या मोजणीदारांनी असा काढला तर मला झोप लागेल." सगळ्यांसमोर म्हणाला. आत कुठेतरी बरं वाटलं, लपवत नाही.

चौघे मिळून एक वकील घेऊन आले होते. तो मास्तरांचाच, जो ताईला सुचवला होता. तो दोनच वाक्यं बोलला. आमचे पक्षकार वर्षानुवर्षं आपापल्या घरात राहतात, एकमेकांविरुद्ध तक्रार नाही, कोणताही बदल नको. पेंटरचा अकरावा पेंटरचाच, तो देणार नाही.

अधिकारी म्हणाला, मग चार घरांचा प्रश्न त्यांचा खासगी, ते तक्रार करत नाहीत तर आम्ही पडत नाही. पाचव्याचं तसं नाही. ती जागा सार्वजनिक आहे. तिथे कितीही वर्षं राहिलं तरी हक्क तयार होत नाही.

"पण साहेब, चूक सगळ्यांची मिळून एकच आहे!"

"बरोबर. पण आमच्या जागेवर एकटंच घर येतं. आणि आता ते आमच्या नजरेला आलंय."

"मीच आणलं नजरेला."

"म्हणूनच," तो म्हणाला. वाईट वाटून म्हणाला असावा.

बाहेर मास्तर जिन्यापाशी उभे होते. भाचीकडे पाहून म्हणाले, "बाळ, माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता." भाची म्हणाली, "मला माहीत आहे, मास्तर." परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे बसली. मी अपिलाचं बोलत होतो. ती हूं हूं करत होती.

३० मार्च

अर्ज मागे घ्यायला गेलो. टायपिस्ट बाईनं टाइप करून दिलं. मला वाटलं होतं टोमणा मारेल. मारला असता तर बरं झालं असतं.

खिडकीत कारकुनानं शिक्का मारला, नवा आवक नंबर घातला आणि कागद त्याच फाईलला टोचला.

"झालं ना रद्द?"

"काका, मागे घेतल्याचा अर्जही फाईलमध्येच राहतो. अर्ज तुमचा होता. पट्टी आमची आहे."

१९ एप्रिल

पालिकेचा मोजणीदार आला, तिवईवरचं यंत्र घेऊन, दोन माणसांसह. मी हजर होतो. हद्दीचा दगड मीच दाखवला, नाहीतर त्यांना दिवस गेला असता. ताईचं घर पुरतं पट्टीवर. माझ्या मापात आणि त्यांच्या मापात अंगठ्याएवढाही फरक निघाला नाही. तो यंत्रानं मोजत होता, मी टेपनं!

"काका, कुठे शिकलात?" त्यानं विचारलं.

मी सांगत होतो, तेवढ्यात भाची दारात आली. म्हणाली, "मामा, तू हसतोयस."

मी हसत नव्हतो. उन्हानं डोळे बारीक झाले होते.

मग त्या माणसांनी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लाल रंगाची फुली काढली.

१७ मे

घर पाडण्याची नोटीस दारावर चिकटवली. अपील फेटाळलं होतं ते मागच्या आठवड्यातच कळलं होतं, लिहावंसं वाटलं नाही. पर्यायी जागा मिळत नाही. ती कागदावर जागा नसणाऱ्यांना मिळते. ताईच्या नावावर कागदावर प्लॉट १५ आहे. त्यावर मास्तर राहतात. मी अधिकाऱ्याला म्हटलं, हे विपरीत आहे. तो म्हणाला, दावा लावा. म्हणजे मास्तरांवर. ताई नाही म्हणते.

ती मला रागावत नाही. रागावली असती तर उत्तर देता आलं असतं, माझ्याकडे सगळे मुद्दे आहेत. तिनं एवढंच विचारलं, "तुझ्याकडून दवाखाना किती लांब पडेल रे?"

८ जून

पाडलं. दुपारच्या आत.

१० जून

ताई आणि भाची आमच्याकडे. दुकानाच्या वरची खोली दिली आहे. जिना अरुंद, ताईला चढवत नाही. दवाखान्याच्या दिवशी मी आणि भाची खुर्चीत बसवून उतरवतो. एका वळणावर खुर्ची अडते, ती तिरपी करावी लागते. ताई कठडा धरते आणि डोळे मिटते. आज म्हणाली, "काचेसारखी नेता रे मला." पहिल्यांदाच काही बोलली. मी हसलो. भाची हसली नाही.

रात्री जेवताना मी म्हटलं की चूक मुळात बांधणाऱ्यांची. नंतर पालिकेची, इतकी वर्षं पाहिलं नाही म्हणून. पेंटरचीही, दोन वार जागेसाठी. मास्तरांनी चौघांत फूट पाडली असती तर जमलं असतं. ही म्हणाली, "जेवा."

२२ जून

गिऱ्हाइकाकडे काच बसवून आलो तर वरची खोली झाडलेली. पेट्या नाहीत. दवाखान्याजवळ खोली मिळाली, तळमजल्याची, असं ही म्हणाली. भाचीनं बघून ठेवली होती.

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही कामावर होतात."

"पत्ता?"

"घाईत राहिला विचारायचा."

१ जुलै

भाचीच्या फोनवर पाच-सहा वेळा लावला. वाजतो, उचलत नाही. कामावर उचलू देत नसतील.

दवाखान्यात गेलो. आता ताईचे वार बदलले आहेत म्हणाले. कोणते, ते यादीतल्या नातेवाइकांनाच सांगतात म्हणाले. मी म्हटलं, मी भाऊ आहे. म्हणाले, यादीत मुलीचं नाव आहे.

१३ जुलै

कचेरीचा आदेश टपालानं आला. अर्जदारानं निदर्शनास आणलेली चूक तपासाअंती खरी आढळली, मोजणी ग्राह्य धरण्यात येत आहे, राखीव पट्टीची नोंद अद्ययावत केली आहे. माझा नकाशा परिशिष्ट म्हणून जोडला आहे. माझ्या हातचा, दोन रंगांतला, कायमचा.

हिला मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकला तिनं. मग म्हणाली, "ताईंच्या पोरीचं नाव आहे का त्यात कुठे?"

नाही. तो विषय वेगळा होता.

२० जुलै

तीन दिवस कचेरीत बसलो. दवाखान्याच्या आसपासच्या सगळ्या गल्ल्यांचे नंबर काढले, तळमजल्यांसकट. मालक सगळे मिळाले. कोणाकडून कोणाकडे घर गेलं, कोणावर बोजा आहे, कोणाची वाटणी अडली आहे, सगळं. ताई नाही. भाची नाही. भाड्यानं राहणाऱ्याचं नाव कुठल्याच सूचीत नसतं, ना वरच्या मजल्यावर ना खालच्या. एवढी मोठी व्यवस्था, आणि माणूस कुठे झोपतो तेच तीत सापडत नाही.

टायपिस्ट बाई म्हणाली, "आता कोणाचं शोधता, काचवाले?" मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाचं.

२७ जुलै

ही दर गुरुवारी आणि रविवारी दुपारी डबा भरून मैत्रिणीकडे जाते. चार पुडांचा. संध्याकाळी येते ती घासलेला डबा घेऊन. आज जाताना मी दारातच विचारलं. सरळच विचारलं.

"तुला ताईचा पत्ता ठाऊक आहे का?"

ती चप्पल घालत होती. पट्टा लावून झाल्यावर म्हणाली, "आहे."

"मग सांग."

"नाही सांगणार."

"का? तिनं सांगू नको म्हटलंय?"

"त्या काही म्हणाल्या नाहीत. त्या तुमची चौकशी करतात. मीच नाही सांगणार. सांगितला तर तुम्ही त्या घराचे कागद बघायला जाल."

मी म्हटलं, बघायला नकोत का? घर कोणाचं, वर बोजा आहे का, मालकाला भाड्यानं द्यायचा हक्क तरी आहे का, हे न बघता आजारी माणसाला तिथे ठेवायचं? उद्या कोणी येऊन उठवलं तर? नुसता घराचा नंबर दे. नाव नको, गल्ली नको. एका सकाळचं काम आहे. अर्ज करणार नाही, फक्त बघेन.

तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला. माझ्याकडे पाहिलं, आणि दार माझ्या अंगावर अगदी हळू, आवाज न होऊ देता, ओढून घेतलं.